लागेल तेव्हा

त्या बाटलीवर मी जे दोन शब्द लिहिले, ते लिहिताना माझं अक्षर फार सुंदर आलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे सुंदर म्हणावं असं फारसं काही नाही.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. फार्मसीची पदविका झाली आहे. परवान्याची चौकट मालकांच्या डोक्यामागे भिंतीवर आहे. परवाना माझ्या नावाचा, भिंत मालकांची. आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. औषधासोबतचा छापील कागद कोणी वाचत नाही, म्हणून प्रत्येक बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि औषध कसं घ्यायचं ते साध्या भाषेत हाताने लिहून द्यायचं. 'जेवणानंतर एक.' 'झोपताना अर्धी.' पद्धत मालकांची आणि पट्टी किती फाडायची तेही त्यांनीच ठरवलेलं. एक बोट. त्यांचं बोट, आणि त्यांची बोटं आखूड आहेत.

शाळेत मी गणितात काठावर तरलो, पण शुद्धलेखनाची माझी वही बाई वर्गभर फिरवायच्या. त्या वहीची पुण्याई मला दुकानात उपयोगी पडली. गिऱ्हाइकं म्हणायची, पोराचं अक्षर मोत्यासारखं आहे. नाकाकांनी त्यातलं 'सारखं' गाळलं आणि मला सरळ मोत्या म्हणायला लागले. हे नाव लोक कुत्र्याला ठेवतात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

नाकाका म्हणजे नाक काका. दूध डेअरीच्या धक्क्यावर ते वास घ्यायच्या कामाला होते. असंही काम असतं. दुधाचे कॅन टेम्पोतून उतरले की एकेक झाकण उघडून वास घ्यायचा. चांगलं असेल तर पुढे टाकीत, नासायला लागलेलं असेल तर कॅनवर खडूची फुली आणि माल परत. अठ्ठावीस वर्षं ते हेच करत होते. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं. बाकी जग नाकाका म्हणायचं.

आणि अशा माणसाच्या नाकालाच अ‍ॅलर्जी झाली. डेअरीने धक्क्याला लागून जनावरांच्या पेंडीचं गोदाम काढलं. पोती हलली की पिवळी धूळ उठायची आणि काकांना शिंका सुरू व्हायच्या. नाक गळायचं, डोळे चुरचुरायचे, मग नाक चोंदायचं. आधी त्यांनी वजनकाट्यावरच्या माणसाच्या सल्ल्याने ती जुनी, झोप आणणारी गोळी घेतली. शिंका थांबल्या, पण चालू पाळीत काका कॅनच्या झाकणावर कपाळ टेकून उभ्या उभ्या झोपले. तेव्हा कुठे ते नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेले आणि चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आले.

चिठ्ठीत दोन औषधं होती. एक नाकात मारायचा फवारा : रोज, तीन महिने. दुसरं औषध म्हणजे नाक मोकळं करणारे थेंब : 'लागल्यास, जास्तीत जास्त पाच दिवस'. फवाऱ्यावर मी लिहिलं, 'रोज सकाळी'. थेंबांच्या बाटलीवर लिहिलं, 'लागेल तेव्हा'. तेवढ्यात पट्टीचं बोट संपलं. 'पाच दिवस' लिहायला दुसरी पट्टी फाडायला हवी होती आणि मालक बघत होते. म्हटलं, तोंडी सांगू.

तोंडी मी काय सांगितलं ते मला अजून शब्दन्‌ शब्द आठवतं. मी म्हणालो, "काका, तुमचं नाक म्हणजे कचेरीचं दार झालंय. काहीतरी घातल्याशिवाय उघडायचं नाही."

काका हसले. हसता हसता सात शिंका आल्या. रांगेतल्या लोकांनी मोजल्या, सातव्या शिंकेला कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत ते बाटली खिशात टाकून गेलेसुद्धा. पाच दिवस माझ्या तोंडातच राहिले.

आठवड्याभराने ते मुद्दाम दुकानासमोर सायकलवरून उतरले. "मोत्या, अमृत दिलंस रे! दोन मिनिटांत नाक मोकळं. पेंडीच्या पोत्यात तोंड खुपसलं तरी काही होत नाही. सुट्टी असेल तेव्हा ये धक्क्यावर. माझं नाक चालताना बघ एकदा."

मी गेलो. सकाळी सातला धक्क्यावर तीन टेम्पो लागले होते. ओल्या सिमेंटवर कॅनांच्या रांगा. काका आले, कोपऱ्यात तोंड फिरवून दोन्ही नाकपुड्यांत थेंब टाकले, खडू कानाला लावला आणि कामाला लागले. औषध घेतल्याचा तो नववा दिवस होता. मी समोर उभा होतो, आणि मोजला नाही.

त्यांची एक लकब होती. तळहाताने झाकणावर थाप मारायची, झटक्यात उघडायचं, आणि नाक कॅनजवळ न नेता झाकण नाकाजवळ आणायचं. एका कॅनला तीन सेकंद.

"दुधात का नाही बघत?" मी विचारलं.

"दूध लबाड असतं. बराच वेळ साळसूद दिसतं. झाकण खोटं बोलत नाही." थाप, वास, पुढे. "हा गोठ्याचा. धार काढताना दार लावून बसला होता आळशी. चालेल." थाप, वास. "हा बिजागरीचा."

"कसला?"

"बिजागरीचा. पावसात भिजलेल्या दाराच्या बिजागरीला कधी नाक लाव. ह्या कॅनची कल्हई गेलीय." थाप, वास, या वेळी खडू कानावरून खाली आला आणि फुली पडली. "हे आंबायच्या वाटेवर आहे. कालचं दूध आजच्यात ओतलंय."

"नाही हो काका, आजचंच आहे," दूधवाला म्हणाला.

"शपथ घे."

दूधवाला कॅन उचलून चालता झाला.

मग काकांनी माझ्याकडे तोंड वळवून एक हुंगा घेतला. "हा शर्ट तुझा नाही."

शर्ट भावाचा होता. मी न विचारता घालून आलो होतो. त्या धक्क्यावर वजनकाट्यावाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे असे हसले की मला भावापेक्षा त्यांचीच जास्त लाज वाटली. पण खरं सांगायचं तर मला हेवाही वाटला. इतक्या खात्रीने मला आयुष्यात काहीच सांगता येत नाही.

तिथून ते मला घरी चहाला घेऊन गेले. दोन खोल्या, स्वच्छ, आणि कसलाही वास नसलेल्या. हे जाणवायला मला थोडा वेळ लागला. साबण बिनवासाचा, पावडर नाही, खोबरेल तेलसुद्धा नाही. कच्चा कांदा फक्त काकांच्या सुट्टीच्या दिवशी.

"यांचं नाक म्हणजे माझी सवत," काकू चहा ओतत म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं तिच्या मर्जीने संसार केलाय. ते बघा." कपाटाच्या काचेआड सेंटची एक बाटली उभी होती. धाकट्या बहिणीने आणलेली, सील न तोडलेली. "एकोणीस वर्षं झाली. हे म्हणतात, रिटायर झालो की लाव."

"दोनच वर्षं राहिली आता," काका म्हणाले.

"तोवर मी असले म्हणजे मिळवलं."

"नसलीस तर बहिणीला परत करीन."

"बघा!" काकू मला म्हणाल्या. "हे नाक आणि ही जीभ. एका माणसाला दोन हत्यारं कशाला दिली असतील देवाने?"

त्यानंतर चार महिने काका दुकानात आले नाहीत. मी समजलो, बरे झाले. गिऱ्हाईक आलं नाही की ते बरं झालं, असं समजायची आमच्या धंद्यात सवय असते. डेअरीच्या फाटकाजवळ एक टपरीवजा औषधाचं दुकान होतं आणि ते थेंब तिथे चिठ्ठीशिवाय मिळत होते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते टपरीवजा दुकान बंद पडलं, तेव्हा काका आमच्याकडे आले. तोंडाने श्वास घेत होते, ओठ सुकलेले. त्यांनी काउंटरवर बाटली ठेवली. "मोत्या, हेच दे. दोन दे."

बाटली नवीन कंपनीची होती, पण पट्टी माझी. पिवळी पडलेली, कडा काळ्या झालेल्या. दर वेळी नवी बाटली घेतली की जुनीवरची पट्टी सोडवून ते तिच्यावर चिकटवत होते. वर 'लागेल तेव्हा', त्याच वळणाचं, पण शाई वेगळी.

"पुसट झालं होतं, म्हणून गिरवलं," काका म्हणाले. "तुझ्यासारखं नाही आलं."

 "काका, कितवी बाटली ही?"

"मोजतंय कोण? आधी सकाळी एकदा लागायचं. मग दोनदा. आता दर दीड तासाला लागतं. लागतं, म्हणून घालतो. तूच लिहिलंयस ना?"

"आणि रोजचा तो फवारा?"

"तो? दोन दिवस मारला. पाणी नुसतं. फळीवर आहे, घेऊन जा परत."

हे असंच होतं, आणि हे मी सांगायला हवं होतं. फवारा आठवडा दोन आठवडे काही दाखवत नाही, हळूहळू आतली सूज उतरवतो. थेंब दोन मिनिटांत नाक उघडतात, पण पाच दिवसांपुढे गेलं की उतरताना नाक आधीपेक्षा जास्त चोंदवून जातात. मग ते उघडायला पुन्हा थेंब. सावकाराच्या दारातून माणूस बाहेर पडतो, तो पुन्हा आत जायलाच.

"वास लागतो ना पण?" मी विचारलं.

 काउंटरवर जखमा पुसायच्या स्पिरिटची बाटली होती, तिच्याकडे त्यांनी बोट केलं. "ही उघडी आहे की बंद?"

बाटली उघडी होती. नुकतीच कोणाला तरी ड्रेसिंगची सामग्री देताना मी तिचं झाकण लावायला विसरलो होतो. अख्खं दुकान त्या वासाने भरलं होतं.

"वारा येतो," काका हळू आवाजात म्हणाले. "थेंब घातले की वारा येतो आत. वास लागत नाही. दोन महिने झाले."

"मग धक्क्यावर?"

"तोंडं बघतो."

"म्हणजे?"

"अठ्ठावीस वर्षं त्याच माणसांचं दूध बघतोय. ज्याचं दूध बिघडलेलं असतं ना, तो मी झाकण उघडताना माझ्याकडे बघत नाही. बिडी शोधतो, टेम्पोच्या चाकाला लाथ मारतो. तिथे मी फुली मारतो. अजून चुकलेलो नाही." हे सांगताना त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. नेमकं त्याच माणसांसारखं.

मी म्हणालो, "काका, हे पाच दिवसांचंच औषध असतं."

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खालच्या खणात काहीतरी शोधायला लागलो.

"असं होय," ते म्हणाले. बस, एवढंच.

त्यांना मीच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी आरशातून नाकात पाहिलं. मग म्हणाल्या, थेंब बंद. सुरुवातीला नाक पूर्ण चोंदेल, झोप लागणार नाही, सहन करायचं. फवारा रोज. दीड-दोन महिने लागतील. धक्क्यापासून, त्या धुळीपासून तोवर लांब राहा. वासाचं नंतर बघू.

"दोन महिने रजा?" बाहेर आल्यावर काका म्हणाले. "साहेबांनी दूध तपासायच्या कागदी पट्ट्यांची खोकी मागवून ठेवलीत. दुधात बुडवायची, रंग बघायचा. माझी जागा दोन महिने रिकामी दिसली की त्या पट्ट्या तिथे बसतील. मग मला काय, कॅन धुवायला पाठवतील. दोन वर्षं राहिलीत रे मोत्या. धक्क्यावरून रिटायर व्हायचंय मला. धुण्याच्या हौदावरून नाही."

"पण काका, वासच लागत नसेल तर—"

"येईल ना. बाईच म्हणाल्या, नंतर बघू."

त्यांनी मधली वाट काढली. डाव्या नाकपुडीतले थेंब बंद केले, उजवीतले चालू ठेवले. "एक कामावर, एक रजेवर," असं मला सांगून गेले. यावर मला हसू आलं नाही; पण ते थांबले होते, म्हणून हसलो.

पुढे काय झालं ते साधं आहे. तीन आठवड्यांनी एका टेम्पोवर नवा ड्रायव्हर आला. नेहमीच्याचा मेहुणा. त्याला दुधातलं काही कळत नव्हतं. गोठ्याच्या मालकाने भरून दिलेले अकरा कॅन तो घेऊन आला होता. काकांनी झाकणं उघडली तेव्हा तो सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता, स्वच्छ, निर्मळ, शाळेतल्या पहिल्या दिवशी उभं राहावं तसा. अकराच्या अकरा कॅन आंबलेले होते. अकराही पुढे गेले. टाकीतलं दूध तापवायला घेतलं, तेव्हा ते सगळं फाटलं, यंत्रात दह्यासारखे गोळे अडकले. टाकी गटारात सोडावी लागली. दुपारपर्यंत डेअरीच्या मागचा नाला पांढरा वाहत होता आणि गावातली सगळी कुत्री तिथे जमली होती. अख्खा नाला नासलाय हे कळायला त्यांना कोणाची गरज पडली नाही. हुंगून बरीचशी परत फिरली.

दुसऱ्या दिवशी डेअरीतून मला बोलावणं आलं.

निघताना मालकांनी मला आत घेतलं. "छापील कागदावर पाच दिवस लिहिलेलं असतं, एवढंच बोलायचं. जास्त शहाणपणा केलास तर लक्षात ठेव, दुकान माझं आहे, पण परवाना तुझ्या नावावर आहे." चौकट एवढी मोठी करून कशाला टांगली होती, ते मला त्या दिवशी कळलं.

साहेबांच्या टेबलावर थेंबांची बाटली होती. काका समोर उभे होते, हात मागे. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "हे बघा, मला सरळ उत्तर हवंय. यांनी औषध चार-पाच महिने वापरलं आणि नाक गेलं. औषधाच्या दुकानाने चुकीचं सांगितलं असेल, तर तसं लेखी द्या. मग मी हे आजारपण धरतो. रजा देता येईल, जागा राखता येईल. तसं नसेल तर हा यांचा हलगर्जीपणा आणि मला धक्क्याचं काम काढून घ्यावं लागेल." त्याने बाटली माझ्यापुढे सरकवली. "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"'लागेल तेव्हा' एवढंच लिहिलंय. पाच दिवसांचं सांगितलं होतं?"

मी सांगणार होतो. वाटभर मनात वाक्य घोळवत होतो, कर्ता-कर्म-क्रियापद सगळं जागेवर होतं. मी तोंड उघडलं, आणि काका बोलले.

"सांगितलं होतं साहेब. दोनदा सांगितलं. मीच कानाआड केलं."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर?"

मी म्हणालो, "हो."

एका अक्षराचा शब्द. पट्टीवर सहज मावला असता.

बाहेर नाल्याकाठी काका सायकलचं कुलूप काढत होते. मी म्हणालो, "काका, असं का केलंत? मी बोलणार होतो."

"हो, तोंड उघडलं होतंस. दिसलं मला. तोंडं बघायची सवय झालीय." कुलूप निघेना, ते वाकून खटपट करत राहिले. "माझं नाक गेलं ते गेलं. त्यासाठी तुझं कशाला कापायचं? परवाना गेल्यावर काय करशील, दुकानांच्या पाट्या रंगवशील?"

"पण चूक माझी—"

"पट्टी तुझी. मान्य." कुलूप निघालं. "पण दोन महिने वास लागत नाही हे माहीत असून मी तोंडं बघून पगार घेतला, ते काही तू लिहून दिलं नव्हतंस. जा आता. दुकान उघडायचं असेल."

ते सायकल हातात धरून चालत गेले. बसले नाहीत. तोंडाने श्वास घेत सायकल चालवणं त्यांना जमत नव्हतं.

धक्क्यावर आता कागदी पट्ट्या आहेत. काका मागच्या शेडमध्ये कॅन धुतात. सोड्याचं उकळतं पाणी, वाफ, रबरी बूट. हातांची सालं निघाली आहेत. वजनकाट्यावाला सांगत होता, काका धुतलेल्या कॅनचं झाकण लावण्याआधी अजून नाकाजवळ नेतात. तीन सेकंद. मग लावतात. धक्क्यावर पोरं नवी आली आहेत. त्यांना वाटतं, नाकाका हे नाव म्हाताऱ्याच्या नाकाच्या आकारावरून पडलं असेल.

थेंब त्यांनी सोडले. दोन्ही नाकपुड्यांचे. तो महिना कसा गेला ते काकूंनी मला एका वाक्यात सांगितलं : "उशीला पाठ लावून बसून होते महिनाभर." फवारा आता रोज मारतात, बाईंनी शिकवला तसा : मान थोडी खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजवीत, फवाऱ्याचं तोंड बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नाही. मी पट्टी आता ऐसपैस फाडतो. त्यांच्या फवाऱ्यावर लिहिलंय, 'रोज सकाळी, लागो न लागो'. मालक काही म्हणत नाहीत. माझ्या गप्प बसण्याची त्यांनी तेवढी किंमत लावली असावी.

नाक मोकळं झालं. शिंका गेल्या. वास आला नाही. डॉक्टरबाई म्हणतात, येईल किंवा येणार नाही, वाट बघा.

पहिला महिना संपला तेव्हा नवा फवारा द्यायला मी रविवारी दुपारी घरी गेलो. दार काकूंनी उघडलं, आणि मी उंबऱ्यातच अडखळलो. त्या घरात वास होता.

कपाटातली बाटली टेबलावर होती. सील तुटलेलं. "लावला," काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं काहीतरी होतं. "सवत गेली. म्हटलं, आता कोणासाठी ठेवायचा? पहिल्यांदाच लावलाय, जास्त तर नाही ना झाला?"

"नाही काकू."

"मला मेलीला काही कळत नाही त्यातलं. इतक्या वर्षांत सवयच गेली." त्या पाणी आणायला आत गेल्या. आत जाताना त्यांनी मनगट एकदा नाकाजवळ नेलं.

काका खिडकीपाशी बसले होते. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. "मोत्या, सांग. कसा आहे?"

"छान आहे."

"छान हा वास नसतो. मी तुला बिजागरीचा सांगितला होता, तसा सांग. एकोणीस वर्षं ही बाटली माझ्यामुळे बंद होती. काय होतं आत, मला कळायला नको? झाकण घे. झाकणाला बघ."

मी झाकण घेतलं आणि नाकाजवळ नेलं. तीन सेकंद.

सेंट बिघडला होता. एकोणीस वर्षांत फुलांचं जे व्हायचं ते झालं होतं. वर एक गोडसर थर, आणि खाली आंबूस, कुजकट काहीतरी, जुन्या फडक्यासारखं. काकांचं नाक धड असतं तर दाराबाहेरूनच त्यांनी फुली मारली असती. आत भांडं वाजलं. काकू काहीतरी गुणगुणत होत्या.

"काय मग?"

"शब्द सापडत नाही काका," मी म्हणालो आणि बूट घालायला वाकलो. "पुढच्या वेळी सांगतो नक्की."

"बघ हं. एक वास देणं लागतोस."

दर महिन्याला मी फवारा घेऊन जातो. साहेबांच्या खोलीतल्या त्या 'हो'बद्दल ते कधी बोललेले नाहीत; त्या देण्याचा हिशेब त्यांनी मांडलाच नाही. हे दुसरं मात्र न चुकता विचारतात. काकू आत गेल्या की हळूच, "मोत्या, माझं देणं?" बाटली आता पाव उरली आहे. काकू रोज लावतात. परवा त्यांनी मला विचारलं, हाच सेंट अजून कुठे मिळेल का. मी म्हणालो, बघतो.

काकांना म्हणालो, पुढच्या वेळी.